खनिज देशाचे, विद्या कोणाची?

(नाशिक येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी चळवळीच्या इतिहासात नाशिकचे नाव दोनदा येते. १९३२-३३ साली नाशिकरोडच्या कारागृहात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, अशोक मेहता, मिनू मसानी ही मंडळी एकत्र आली आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तेथे आकाराला आली. पुढे मार्च १९४८ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय झाला तोही नाशिकच्याच अधिवेशनात. हा इतिहास कार्यकर्त्यांना पाठ असतो. त्यातील एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि आजच्या विषयाचा आरंभ त्या तपशिलापासून होतो.

जयप्रकाश हे मुळात रसायनाचे विद्यार्थी होते. असहकाराच्या हाकेला साद देऊन त्यांनी सरकारी अनुदानावर चालणारे महाविद्यालय सोडले आणि १९२२ साली ते अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत मजुरी केली आणि त्या पैशावर बर्कले येथील विद्यापीठात प्रवेश मिळविला. थोड्याच काळात तेथील शुल्क दुप्पट झाले आणि त्यांना आयोवाच्या विद्यापीठात जावे लागले. पुढे ते समाजशास्त्राकडे वळले. देशाला त्यातून एक थोर नेता लाभला, हे खरे. परंतु द्राक्षे खुडून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्कवाढीने एका विद्यापीठातून उठविले, ही घटना त्यामुळे क्षम्य ठरत नाही. द्राक्षांच्या या जिल्ह्यात आजही मळ्यात राबणाऱ्यांची मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तांत्रिक शिक्षण मिळणार आणि कशाचे मिळणार, हा आजचा प्रश्न आहे. तो सिलिकेट पदार्थ आणि दुर्मिळ धातू यांच्या तंत्रशिक्षणाच्या उदाहरणाने येथे मांडावयाचा आहे.

सिलिकेट म्हणजे काय, धातू दुर्मिळ का

विषयाचे नाव अवघड वाटते, वस्तू मात्र घरातल्या आहेत. वाळू, गारगोटी, चिकणमाती, अभ्रक यांत सिलिकॉन आणि प्राणवायू हे दोन घटक एकत्र बांधलेले असतात. या कुळातील पदार्थ भट्टीत घालून माणसाने जे जे बनविले ते सिलिकेट उद्योगात मोडते. वीट, कौल, माठ, चिनी मातीची बशी, विजेच्या खांबावरील चिमणी, खिडकीची काच, लोखंडाच्या भट्टीला आतून लावलेली अग्निरोधक वीट ही सारी या उद्योगाची अपत्ये होत. सिमेंटही त्यातलेच. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की कॅल्शियमची सिलिकेटे तयार होतात आणि पाणी लागताच ती घट्ट होतात. धरण, पूल आणि घरकुल यांचा आधार ती आहेत.

दुर्मिळ धातूंची गोष्ट थोडी निराळी आहे. टायटॅनियम, झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, नायोबियम, लिथियम हे धातू आणि ‘दुर्मिळ मृदा’ या नावाने ओळखली जाणारी १७ मूलद्रव्ये यांत येतात. यांतील बरीचशी भूगर्भात फार दुर्मिळ नाहीत. ती विखुरलेली असतात, इतरांशी घट्ट बांधलेली असतात आणि ती सोडविण्याची विद्या दुर्मिळ आहे. सोव्हिएत रशियातील उच्च तंत्रशिक्षणात सिलिकेटांच्या आणि दुर्मिळ धातूंच्या तंत्रज्ञानाला स्वतंत्र विषयांचे स्थान होते. या दोन विषयांचे नाते निसर्गातच आहे. झिर्कॉन हे झिर्कोनियमचे सिलिकेट आहे, बेरिल हे बेरिलियमचे, स्पोड्युमीन हे लिथियमचे. दगड तोच आणि भट्टीचे शास्त्र तेच. एक विद्यार्थी त्यातून काच काढतो, दुसरा धातू.

नाशिकच्या दगडाला तर हे नाते नवे नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून बनला त्याच्या पोकळ्यांत कालांतराने झिओलाइट आणि अपोफायलाइट यांचे स्फटिक वाढले. तीही सिलिकेटेच. पांडवलेण्यांच्या परिसरातील दगडखाणींत सापडलेले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय याच संपत्तीचे प्रदर्शन आहे. येथील खाणींत पॉवेलाइट नावाचे एक खनिजही सापडले. ते मॉलिब्डेनम या धातूचे खनिज आहे आणि त्याचे नाशिकचे नमुने संग्राहकांत विशेष नावाजले जातात. याचा अर्थ नाशिकच्या डोंगरात मॉलिब्डेनमची खाण आहे असा मुळीच नाही. ते चार स्फटिक शोभेपुरते आहेत. कार्यकर्त्यांनी अशी अतिशयोक्ती कधी करू नये. मुद्दा वेगळा आहे. सुरुंग लावून दगड फोडणाऱ्या मजुराच्या हाती तो स्फटिक प्रथम येतो. त्याच्या लेखी ती चकाकणारी गार असते. तिचे नाव, तिची घटना आणि तिचे मोल दुसऱ्यांना ठाऊक असते. किंमत त्या जाणत्याच्या पदरात पडते.

झिओलाइट हा केवळ शोभेचा दगडही नाही. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ते नाव दिले, कारण तापविल्यावर त्यातून वाफ निघते. त्याच्या अंतर्भागातील सूक्ष्म छिद्रे रेणूंची चाळणी करतात. प्रयोगशाळेत घडविलेली झिओलाइटे आज तेलशुद्धीकरणात आणि रसायन-उद्योगात उत्प्रेरक म्हणून वापरली जातात. १९५० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात असा उत्प्रेरक विकसित केला आणि तो देशातील कारखान्यात वापरात आला. सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली संस्था काय करू शकते याचा हा पुरावा आहे. परंतु पुण्याची ती प्रयोगशाळा आणि नाशिकची खाण यांच्यामध्ये जी शाळा, जे तंत्रनिकेतन, जे महाविद्यालय असावयास हवे होते, ते उभे राहिले नाही.

पैसा फंडाचा धडा

ही दरी महाराष्ट्राने एकदा भरून काढली होती, आणि तीही परकीय सत्तेखाली. अंताजी दामोदर काळे या ध्येयवेड्या गृहस्थांनी कल्पना काढली की, प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभारावेत. लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिले. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे त्या निधीतून काचेचा कारखाना निघाला. जपानमध्ये आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तेथील पहिले तज्ज्ञ.

त्या काळी काचेच्या धंद्याची स्थिती काय होती हे ध्यानात घेतले पाहिजे. बांगड्या, बाटल्या, कंदिलाच्या चिमण्या परदेशातून येत. देशात जे कारखाने निघाले त्यांतील काही परदेशी कारागिरांवर विसंबून होते, आणि कारागीर परतला की भट्टी थंड पडे. काचेत सुमारे सत्तर टक्के वाळू असते, पण वाळू असली म्हणजे काच होत नाही. वाळूतील लोहाचा अंश किती, सोडा आणि चुना कोणत्या प्रमाणात, भट्टीतील मडक्याची माती कोणती, तापलेली काच किती सावकाश थंड करावयाची, यांपैकी एक गोष्ट चुकली की माल तडकतो. हे ज्ञान ज्याच्याजवळ, धंदा त्याच्याजवळ.

तळेगावच्या संस्थेचे वैशिष्ट्य हे की, तिने कारखाना आणि शाळा वेगळ्या काढल्या नाहीत. भट्टीसमोर उमेदवार उभे राहिले, फुंकनळी हाती धरून शिकले आणि शिकून देशभर पांगले. नफा किती झाला या कसोटीवर ती संस्था मोजावयाची नसते. तिने किती हात तयार केले ही तिची कसोटी. वार्ष्णेय यांनी पुढे उत्तर भारतात बहजोई येथे कारखाना काढला. १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयाने ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना उभा केला. त्या माळाला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तेथला ‘प्रभाकर’ कंदील मराठी मुलखातील खेड्याखेड्यांत पोहोचला. वीज येईपर्यंत शेतकऱ्यांच्या मुलांनी अभ्यास केला तो अशा कंदिलांच्या उजेडात.

विद्यापीठांनीही त्या काळात पाऊल उचलले. १९२४ साली बनारस हिंदू विद्यापीठात काच व मृत्तिका तंत्रज्ञानाचे शिक्षण सुरू झाले. नागपूर विद्यापीठाला कामठीचे खाणमालक राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने मोठी देणगी दिली आणि त्यातून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रसंस्था उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कलकत्त्यास केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था निघाली. १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने पवईचे आयआयटी सुरू झाले. खुद्द नाशिकला १९५९ मध्ये महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आली आणि १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना. तेथे बनलेल्या मिग विमानांनी १९६० च्या दशकापासून देशाचे आकाश राखले. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ओझरला तेजस विमानांच्या निर्मितीची नवी शाखा सुरू झाली. टायटॅनियम आणि उष्णतेला दाद न देणाऱ्या मिश्रधातूंवाचून विमान उडत नाही. म्हणजे दुर्मिळ धातूंचा प्रश्न नाशिकच्या कामगाराच्या दारात साठ वर्षांपासून उभा आहे.

वाळू आपली, दिवा त्यांचा

आता दुर्मिळ मृदांकडे वळू. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट आढळले. त्यातील थोरियम युरोपातल्या गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी हवे होते. वाळू जहाजांतून गेली आणि दिवे तिकडे पेटले. वसाहतवादाचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

स्वतंत्र भारताने ही चूक ओळखली. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्‌स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि १९५२ च्या डिसेंबरमध्ये केरळमधील आलवे येथील कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. १९५५ साली तुर्भे येथे थोरियमचा कारखाना आला. त्या वेळी या क्षेत्रात चीनचे नावही नव्हते. आज सरकारी आकडेवारीप्रमाणे देशात मोनाझाइटचे साठे १ कोटी ३१ लाख टनांहून अधिक आहेत आणि त्यांत दुर्मिळ मृदांची ऑक्साइडे सुमारे ७२ लाख टन आहेत. साठ्यांच्या जागतिक यादीत भारताचा क्रमांक वरचा आहे. उत्पादन मात्र वर्षाला सुमारे २,९०० टन. चीनने २०२४ साठी आपल्या खाणींना ठरवून दिलेला कोटा २ लाख ७० हजार टनांचा होता, म्हणजे नव्वदपटीहून अधिक.

पहिल्याने निघालेला मागे का पडला? याची कारणे अनेक आहेत. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत राहिले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही होते. परंतु खनिजाबरोबर विद्याही त्याच कुंपणात राहिली. १९५७ साली तुर्भ्याला निघालेल्या प्रशिक्षणशाळेने उत्तम शास्त्रज्ञ घडविले. ते अणुकार्यक्रमात गेले. राज्यांच्या विद्यापीठांत आणि तंत्रनिकेतनांत हा विषय पसरला नाही.

चीनमध्ये काय घडले ते पाहण्याजोगे आहे. शू ग्वांगश्यान हे पेकिंग विद्यापीठातील रसायनाचे प्राध्यापक. अमेरिकेत शिकून ते १९५१ मध्ये मायदेशी परतले. १९७२ च्या सुमारास त्यांच्याकडे प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम ही जुळ्या भावंडांसारखी मूलद्रव्ये वेगळी करण्याचे काम आले. या दोघांचे रासायनिक गुण इतके सारखे की, एका टप्प्यात ती विलग होत नाहीत. द्रावकाच्या टाक्यांची लांबलचक साखळी लावून, टप्प्याटप्प्याने ती सोडवावी लागतात. शू यांनी या साखळीचे गणित मांडले. टाक्या किती, प्रवाह किती, हे कागदावर काढता येऊ लागले. मग त्यांनी ते गणित दडवून ठेवले नाही. १९७८ साली शांघायला कारखान्यांतील तंत्रज्ञांसाठी वर्ग घेण्यात आला आणि ही पद्धत कारखान्याकारखान्यांत गेली. पुढच्या दोन दशकांत जागतिक बाजारपेठ त्या देशाच्या हाती आली. २००८ साठीचा चीनचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार शू यांना मिळाला. एका प्राध्यापकाची विद्या आणि कारखान्यातील तंत्रज्ञ यांची गाठ घालून दिली, एवढे हे सूत्र आहे. तळेगावच्या भट्टीसमोर १९०८ मध्ये हेच सूत्र होते.

या यशाची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. आंतरमंगोलियातील बाओटोऊजवळ खनिजाच्या गाळाचा अवाढव्य तलाव साचला आहे आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली आहे. ज्या व्यवस्थेत शेतकऱ्याला तक्रार करण्याची मुभा नाही तेथे विषारी गाळ स्वस्त पडतो. लोकशाही समाजवादाला तो रस्ता वर्ज्य आहे. म्हणूनच या विद्येचा अभ्यासक्रम सांडपाण्यापासून आणि धुळीपासून सुरू झाला पाहिजे. नफ्याचा धडा त्यानंतर येतो.

धूळ कोणाच्या छातीत जाते

सिलिकेटाचे शास्त्र महाविद्यालयात शिकवा वा न शिकवा, दगडफोड्याच्या छातीला ते शिकावेच लागते. सिलिकेची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही. ती फुप्फुसात खोल उतरते, तेथे व्रण धरतात, फुप्फुस ताठर होत जाते आणि क्षयाची शक्यता वाढते. या सिलिकोसिस रोगावर उपाय नाही. तो केवळ टाळता येतो. पाण्याचा फवारा, धूळ ओढून घेणारी यंत्रणा, हवेचे मापन आणि नियमित तपासणी हे त्याचे मार्ग. दगडखाणी, खडीकेंद्रे, ओतशाळा, काच आणि अग्निरोधक विटा या सर्व ठिकाणी ही धूळ आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची नोंद व खबर देणे बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. वीज वापरणारा कारखाना ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. विजेशिवाय चालणाऱ्यासाठी ही संख्या २० वरून ४० वर गेली. धुळीला कामगारांची संख्या मोजता येत नाही. पंधरा माणसांच्या खडीकेंद्रातही ती तितकीच घातक असते. अशा वेळी कामगाराच्या बाजूने हवेतील धूळ मोजू शकणारा, मोजमापाचा कागद वाचू शकणारा तंत्रज्ञ गावात असणे ही चैन नव्हे. खडीकेंद्रावरील माणसाच्या जीविताचा तो प्रश्न आहे. असा तंत्रज्ञ मालकाच्या पदरी असतो, कारण त्याला तयार करणारे शिक्षण मालकाची गरज पाहून आखले गेले.

येथे एक जुना सामाजिक दोषही सांगितला पाहिजे. या देशातील पहिले सिलिकेट-तंत्रज्ञ म्हणजे कुंभार. आव्याचा रंग पाहून तापमान ओळखणारा, माती हातात घेऊन तिचा कस सांगणारा हा माणूस. वीटभट्टीवरचा कामगार, पाथरवट, वडार, काच फुंकणारा कारागीर हे त्याचे भाऊबंद. हाताने काम करणाऱ्याला ग्रंथ नाही आणि ग्रंथ वाचणाऱ्याने मातीला हात लावावयाचा नाही, अशी वाटणी जातिव्यवस्थेने करून ठेवली. विद्यापीठांनी ती मोडली नाही. उलट परीक्षा, शुल्क आणि भाषा यांच्या भिंती घालून नव्या रूपात ती टिकविली. ज्याच्या घरात तीन पिढ्या आवा पेटतो त्याचा मुलगा मृत्तिका तंत्रज्ञानाच्या वर्गात क्वचितच दिसतो. समाजवाद्यांनी हे दुर्दैव म्हणून सोडून देता कामा नये. हा अन्याय आहे.

सरकारचा मार्ग आणि त्याची मर्यादा

दिल्लीचे सरकार या क्षेत्रात काहीच करीत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. २०२३ च्या दुरुस्तीने लिथियम, टायटॅनियम, झिर्कोनियम यांच्यासह सहा खनिजे अणुखनिजांच्या यादीतून काढून खाजगी कंपन्यांना मोकळी करण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि मोटारउद्योगाची झोप उडाली. सातपूर-अंबडच्या ज्या कामगारांचे पोट या उद्योगावर आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबक बनविण्याच्या क्षमतेसाठी ७,२८० कोटींची योजना आली. तिचे लाभार्थी पाच असतील.

एक पैसा देणारे लाखो हात ही पैसा फंडाची रीत होती. आताची रीत पाच हातांना ७,२८० कोटींची आहे. देशाला चुंबक हवेत यात वाद नाही. परंतु सार्वजनिक तिजोरीतून एवढी रक्कम जाणार असेल तर तिच्याबरोबर किती तंत्रज्ञ घडविले जातील, कोणत्या जिल्ह्यांत, किती शुल्कात, हा प्रश्न लोकसभेत आणि विधानसभेत विचारला गेला पाहिजे. अभियानात संशोधनाची उत्कृष्टता केंद्रे ठरली. आरंभी ती सात होती आणि महाराष्ट्रातून पवईचे आयआयटी त्यांत आले. आयआयटीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण भट्टी चालविणारा, द्रावकाच्या टाकीवर पाळी करणारा, नमुन्याचे पृथक्करण करणारा माणूस पदविकेतून आणि राज्य विद्यापीठातून येतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष आहे?

नुसते खनिज सापडून काय होते याचे ताजे उदाहरण जम्मूतील रियासीचे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे लिथियमचा ५९ लाख टन खनिजाचा अंदाज जाहीर झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी देश श्रीमंत झाल्याच्या बातम्या दिल्या. लिलाव पुकारला तेव्हा पुरेसे बोलीदार पुढे आले नाहीत आणि २०२४ मध्ये तो रद्द झाला. तेथील लिथियम ज्या प्रकारच्या मातीत आहे तीतून ते किफायतीने काढण्याची विद्या हाताशी नव्हती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आहे. उद्या तेथे कोणी यंत्रे घेऊन उतरले तर कोळीवाड्यांतील तरुणांना त्या यंत्रांवर वाळू ओढण्याचेच काम मिळणार, की त्या वाळूचे शास्त्रही त्यांच्या हाती येणार, हे आज कोणते शिक्षण उभे राहते यावर ठरेल.

नाशिकपुरत्या पाच मागण्या

राष्ट्रीय प्रश्नावर राष्ट्रीय ठराव करून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. नाशिक जिल्ह्यापुरत्या पाच मागण्या येथे मांडता येतील.

पहिली मागणी अशी की, नाशिकमध्ये सार्वजनिक खर्चाने सिलिकेट पदार्थ आणि दुर्मिळ धातूंच्या तंत्रज्ञानाची पदविका आणि पुढे पदवी सुरू व्हावी. आरंभ शासकीय तंत्रनिकेतनात होऊ शकतो. विद्यापीठाचे उपकेंद्र आणि मुक्त विद्यापीठ याच जिल्ह्यात आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कामगारासाठी सायंवर्ग आणि पत्रद्वारा शिक्षण यांची सोय त्यांना करता येईल.

दुसरी मागणी भट्टीची. भट्टीवाचून दिलेली पदवी ही पोहण्याच्या पुस्तकासारखी असते. एक प्रायोगिक भट्टी, एक पृथक्करण प्रयोगशाळा आणि निकामी यंत्रांतील चुंबकांतून धातू परत मिळविण्याचा एक छोटा विभाग अभ्यासक्रमाचा भाग असला पाहिजे. जुन्या मोटारी, पंखे आणि संगणक यांच्या भंगारात दुर्मिळ मृदा पडून आहेत. ते भंगार वेचणाऱ्यांनाही या विभागात शिकण्याची वाट हवी.

तिसरी मागणी प्रवेशाची. घटनात्मक आरक्षणाची पूर्ण अंमलबजावणी तर हवीच. त्याशिवाय खाणकामगार, वीटभट्टी कामगार, कुंभार आणि शेतमजूर यांच्या मुलांसाठी शुल्कमाफी, वसतिगृह आणि विद्यावेतन असावे, आणि शिक्षणाचे माध्यम निदान पदविकेच्या पातळीवर मराठी असावे. द्राक्षमळ्यातील मुलाला शुल्कापायी विद्यापीठ सोडावे लागू नये, एवढा धडा जयप्रकाशांच्या विद्यार्थिदशेतून घ्यावयास हरकत नाही.

चौथी मागणी आरोग्याची. प्रत्येक विद्यार्थ्याला धूळमापन, किरणोत्सर्गाचे मापन आणि सांडपाण्याचे पृथक्करण हे सक्तीचे विषय असावेत. अभ्यासमंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. जिल्ह्यातील खडीकेंद्रांची हवा मोजणे हा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग करावा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. मालकांना हे रुचणार नाही. ते रुचावे अशी अपेक्षाही नाही.

पाचवी मागणी पैशाची. ज्यांना चुंबकांसाठी आणि खनिजांसाठी सरकारी साहाय्य मिळते त्यांच्याकडून त्या रकमेचा ठरावीक हिस्सा सार्वजनिक तंत्रशिक्षणासाठी घ्यावा. प्रशिक्षित माणूस सरकारने घडवावा आणि त्याचा लाभ एकट्या भांडवलाने घ्यावा, ही वाटणी मान्य करता येणार नाही.

कोणी म्हणेल की, एवढे तंत्रज्ञ तयार करून त्यांना नोकऱ्या कोठे आहेत? आक्षेप गंभीर आहे. अभ्यासक्रम निघाले आणि उद्योग आले नाहीत, तर पदवीधर बेकारांच्या रांगेत भर पडेल, याचा अनुभव या राज्याने घेतला आहे. म्हणूनच शिक्षणाची मागणी सार्वजनिक उद्योगाच्या मागणीपासून तोडता येत नाही. दुर्मिळ मृदांवर प्रक्रिया, अग्निरोधक पदार्थ, विशेष प्रकारची काच, भंगारातून धातू या क्षेत्रांत सार्वजनिक आणि सहकारी कारखाने निघावेत. महाराष्ट्राने साखरेत सहकार उभा केला. त्यातील दोष आज सर्वांपुढे आहेत, पण शेतकरी कारखान्याचा भागधारक होऊ शकतो हे त्याने सिद्ध केले. काचेच्या आणि धातूच्या धंद्यात कामगार भागधारक का होऊ नये? तळेगावला विद्यार्थ्यांसमोर आधी भट्टी पेटविण्यात आली, वर्ग तिच्या भोवती भरला. तो क्रम येथेही पाळावा लागेल.

कार्यकर्त्यांनी येत्या काही महिन्यांत सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वसाहतींत तसेच खडीकेंद्रांवर जावे. किती माणसे भट्टीवर, दगडावर आणि ओतशाळेत काम करतात, त्यांच्यापैकी कितीजणांची छातीची तपासणी गेल्या वर्षात झाली, त्यांची मुले काय शिकतात आणि शिकायचे सोडले असेल तर का सोडले, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. तंत्रशिक्षण संचालनालयापुढे आणि विद्यापीठापुढे निवेदन ठेवताना ही वही हाती असली पाहिजे. माणशी एक पैसा गोळा करण्यासाठी जे लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दारोदार फिरले, त्यांच्याजवळ सत्ता नव्हती आणि भांडवलही नव्हते. त्यांनी भट्टी पेटविली. नाशिकच्या कार्यकर्त्यांकडून आज वहीची अपेक्षा आहे. भट्टीची मागणी त्या वहीच्या बळावर करता येईल.